बिनअंड्याचा, बिनदुधाचा : वाळूच्या कुकरपासून फळांच्या मफिनपर्यंत

स्मरणिका समितीने "यंदा इतिहासावर एक लेख हवाच" असं ठरवलं, तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचं तळं, 1930 चा मार्शल लॉ आणि जुन्या मिलचा भोंगा आला असणार. या विषयांवर सोलापुरात भरपूर लिहिलं गेलंय, आणि आपल्यापेक्षा जाणकार माणसांनी लिहिलंय. म्हणून इथे एका लहानशा गोष्टीचा इतिहास मांडतो आहे. ही गोष्ट गेल्या काही वर्षांत आपल्या सोसायटीतल्या वाढदिवसांना, हळदीकुंकवाला आणि गणपतीच्या दहा दिवसांत हमखास दिसते. कागदी वाटीत भाजलेला, वर एखादा मनुका चिकटलेला, अंडं नसलेला, दूधही नसलेला, घरी केलेला फळांचा मफिन.

"ह्यात काय इतिहास हाय?" असं कुणी म्हणेल. पण ताटात कुठलीही नवी गोष्ट आली की आपल्याकडे आधी तीन प्रश्न विचारले जातात. ह्यात काय घातलंय? कुणी केलंय? आणि आपल्याला चालतं का? या तीन प्रश्नांपायी आपल्या समाजात भांडणं झाली आहेत, माणसं वाळीत पडली आहेत, आणि त्यांची उत्तरं शोधताना नवे पदार्थही जन्माला आले आहेत. मफिन हा त्यातलाच अगदी अलीकडचा.

बिस्किटाची भीती

सुरुवात पुण्यापासून करू. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान ठेवलं होतं. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी मोठी मंडळी तिथे गेली होती. व्याख्यानानंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी नुसती हाताने बाजूला सारली. ही मौज घडवून आणली होती आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी यांनी, आणि पुढे त्यांनीच हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. झालं! पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली आणि प्रायश्चित्ताचे वाद झडले. वर्ष-दोन वर्षं शहर एका चहाच्या कपावरून आणि बिस्किटावरून हलत होतं.

आज हे वाचताना हसू येतं. पण तेव्हा बिस्किट कुणाच्या हातचं, त्यात कसली चरबी, अंडं आहे का, हे प्रश्न खरेच जिव्हाळ्याचे होते. त्यातूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दिल्लीत चक्क 'हिंदू बिस्किट कंपनी' निघाली. पदार्थ विलायती, पण हात आपले, असा तिचा दावा. म्हणजे लोकांना बिस्किट नको होतं असं नाही. हवं होतं, पण मन न खाता हवं होतं.

नानकटाईची गोष्टही तशीच. सुरतेत डच लोकांच्या वखारी होत्या. त्यांच्या भट्ट्या पुढे पारशी मंडळींकडे आल्या आणि दोतीवाला घराण्याने ती बेकरी नावारूपाला आणली. सुरतेत असं सांगतात की ताडी घालून फुगवलेला पाव आणि अंडी घातलेली बिस्किटं स्थानिक गिऱ्हाईक घेईना. तेव्हा ताडी गेली, अंडंही गेलं, आणि मैदा, साखर, तूप एवढ्यावर खुसखुशीत नानकटाई उभी राहिली. सांगण्याचा मुद्दा इतकाच की 'अंडं काढून टाका, पण पदार्थ खुसखुशीत राहू दे' ही मागणी आजची नाही. आपल्या देशात बेकरीइतकीच ती जुनी आहे.

अंड्याची ॲलर्जी आणि एक नवरा

मग अंड्याविना केक फुगवायचा कसा? याचं उत्तर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या एका औषधविक्याने दिलं. आल्फ्रेड बर्ड त्याचं नाव. त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे आणि यीस्टही सोसत नसे. तिच्यासाठी त्याने 1837 मध्ये अंड्याविना कस्टर्डची पूड केली आणि 1843 मध्ये यीस्टविना पीठ फुगवणारी बेकिंग पावडर केली. आज आपल्या कपाटातला कस्टर्ड पावडरचा डबा आणि बेकिंग पावडरची डबी, दोन्ही एका बाईच्या पोटाच्या तक्रारीतून आल्या आहेत.

यातलं शास्त्र आपल्या आज्यांना नवं नव्हतं. पापडखार पापडात काय करतो, ढोकळ्यात सोडा आणि लिंबू एकत्र आले की फसफस का होते, हे त्यांना हाताने ठाऊक होतं. सोडा हा क्षार. त्याला आंबट काही मिळालं की कर्बवायूचे बुडबुडे सुटतात, पिठात अडकतात आणि उष्णतेने पीठ त्या बुडबुड्यांभोवती घट्ट होतं. बेकिंग पावडरमध्ये क्षार आणि आम्ल दोन्ही कोरडे मिसळलेले असतात, म्हणून नुसतं ओलं केलं तरी काम सुरू होतं. अंडं केकमध्ये तीन कामं करतं. ते हवा धरतं, तेल-पाणी एकजीव करतं आणि भाजताना गोठून आधार देतं. पहिलं काम सोडा करतो. दुसरं आणि तिसरं बऱ्याच अंशी पिकलेल्या फळाचा गर आणि गव्हातला चिकटपणा मिळून करतात. म्हणूनच साध्या स्पंज केकला अंडं नसलं की अडचण होते, पण फळांच्या मफिनला तितकी होत नाही. मफिनला मुळात हलकं, जाळीदार व्हायचंच नसतं. तो थोडा ओलसर, थोडा भरीव असला तरच चांगला.

नावाचंही सांगायला हवं. इंग्लंडात जुना 'मफिन' म्हणजे तव्यावर भाजलेला, यीस्टने फुगवलेला चपटा पाव. आज आपण ज्याला मफिन म्हणतो तो वाटीतला छोटा केक अमेरिकेतून आला, बेकिंग पावडर घरोघरी पोचल्यानंतर. यीस्टची वाट बघायला नको, फार फेटायला नको, अर्ध्या-पाऊण तासात न्याहारी तयार. गडबडीतल्या बाईचा पदार्थ. आपल्याकडे तो रुजला यात नवल ते काय!

आपल्या देशातला फळांचा केकही जुना आहे. केरळात तलश्शेरीला मांबळ्ळी बापू यांनी 1880 मध्ये बिस्किटांचा कारखाना काढला होता. 1883 मध्ये मर्डॉक ब्राऊन नावाच्या मळेवाल्याने विलायती नाताळचा केक आणून दाखवला आणि तसाच करून मागितला. केकमध्ये घालायला माहेची फ्रेंच ब्रँडी आण असं त्याने सुचवलं होतं. बापूंनी त्याऐवजी काजूच्या बोंडांचं आणि केळ्यांचं स्थानिक पेय वापरलं, असं सांगतात. ब्राऊनसाहेब खूश झाला. परक्या पदार्थात आपल्या गावचं फळ घालायचं ही युक्ती तेव्हापासूनची.

डबा घेऊन भट्टीवर

आता सोलापुरात येऊ. आपल्या पिढीतल्या बहुतेकांचं 'बेकिंग' घरात झालंच नाही, ते बेकरीच्या भट्टीवर झालं. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घरातून रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालड्याचा डबा घेऊन भट्टीवर जायचं. कारागीर तिथेच पीठ मळायचा, पत्र्यावर नानकटाईच्या ओळी मांडायचा, लांब दांड्याच्या फळीने पत्रा आत सरकवायचा. आपला पत्रा कुठला हे लक्षात ठेवायला पोरांना उभं करायचं. शेवटी पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्र घालून गरम नानकटाई घरी. त्या भट्टीसमोर लिंगायत, पद्मशाली, मराठा, मारवाडी, मुसलमान अशा सगळ्या घरांतले डबे एका रांगेत असायचे. घरची सामग्री आपली, विस्तव सगळ्यांचा. पुण्याच्या 1890 च्या ग्रामण्यानंतर आपण किती लांब आलो होतो, ते या रांगेवरून कळतं.

डालड्याचा इतिहास या लेखाशी जवळून जुळतो. वनस्पती तुपाचा हा छाप 1937 मध्ये बाजारात आला. तूप परवडत नाही म्हणून डालडा, असा तो कमीपणाचा पदार्थ. पण त्या डालड्यात केलेल्या नानकटाईत ना अंडं होतं, ना दूध, ना लोणी. म्हणजे आज ज्याला लोक 'व्हीगन' म्हणून कौतुकाने खातात, ते सोलापूरच्या मध्यमवर्गाने काटकसर म्हणून वर्षानुवर्षं खाल्लं. मात्र डालड्याची दुसरी बाजू नंतर कळली. तेल गोठवण्याच्या त्या पद्धतीत ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला वाईट. आपल्या देशात 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आली. म्हणून आजच्या मफिनमध्ये साधं पातळ तेल घालायचं, गोठवलेलं नाही. इथे जुन्याची आठवण ठेवावी, पण जुना डबा ठेवू नये.

भट्टी घरात आली ती कुकरच्या रूपाने. 1959 च्या सुमारास आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे प्रेशर कुकर निघाले. ते डाळ-भातासाठी होते, पण आपल्या बायकांनी त्यांच्यात केक भाजला. कुकरच्या तळाशी बारीक वाळू किंवा जाड मीठ पसरायचं, वर जाळी किंवा ताटली, शिट्टी काढायची, रिंगही काढायची, दहा मिनिटं तापवायचा आणि मग केकचं भांडं आत. हे तंत्र कुठल्या कंपनीने शिकवलं नाही. भाजलेल्या शेंगा आणि फुटाणे गरम वाळूतून काढणाऱ्या भडभुंज्याची विद्या बायकांनी कुकरमध्ये आणली, असं म्हटलं तर चूक होणार नाही. नंतर गोल ॲल्युमिनियमचा, वर काच असलेला विजेचा ओव्हन आला. मुलीच्या लग्नात भांड्यांबरोबर तो द्यायचीही पद्धत पडली. मग ओटीजी आणि मायक्रोवेव्ह. आपल्या इमारतीत आज हे सगळे ओव्हन सापडतील, आणि वाळूचं जुनं पातेलंही एखाद्या माळ्यावर सापडेल.

दूध नको, हे कुठून आलं?

अंडं नको हे आपल्याला समजतं. दूध नको हे मात्र पचायला जड जातं. आपण पंचामृताची माणसं. दूध, दही, तूप म्हणजे पवित्र. त्यातून पंढरपुरी म्हैस आपल्या जिल्ह्याची, लांब तलवारीसारख्या शिंगांची, कोरडवाहू भागात थोड्या चाऱ्यावर दूध देणारी. कितीतरी घरांत शेत पिकलं नाही त्या वर्षी चूल म्हशीनेच पेटती ठेवली. तेव्हा 'दूध सोडा' असा उपदेश करायला हा लेख नाही.

तरी दुधाविषयीची शंका आपल्याकडेही नवी नाही. गांधीजींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर कालेनबाख यांच्याबरोबर दूध सोडलं. कलकत्त्याकडचे गवळी गाई-म्हशींचे जे हाल करत, त्याविषयी वाचलेलं त्यांच्या मनात होतं. 1918 च्या मोठ्या आजारपणानंतर डॉक्टरांचा आग्रह झाला, तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली. व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, मग शेळीचं घ्यायला काय हरकत? गांधीजींनी घेतलं, पण व्रताचा शब्द पाळला आणि अर्थ सोडला ही टोचणी त्यांनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये लिहून ठेवली आहे. नोव्हेंबर 1931 मध्ये लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे बोलतानाही त्यांनी आपल्या दूध सोडण्याच्या अनुभवाचा उल्लेख केला होता. त्यानंतर तेरा वर्षांनी, 1944 मध्ये, इंग्लंडमध्येच डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मित्रांनी दूध-अंडी दोन्ही न घेणाऱ्यांची वेगळी संस्था काढली आणि तिच्यासाठी 'व्हीगन' हा शब्द तयार केला.

दुसरी वाट टंचाईची. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत अंडी, लोणी, दूध वाचवायचं म्हणून मनुका पाण्यात उकळून त्यातच पीठ कालवून 'वॉर केक' करत. नंतरच्या मंदीच्या काळातही तोच केक उपयोगी पडला. म्हणजे बिनदुधाच्या केकचे आईबाप दोन, एक दया आणि दुसरी टंचाई. सोलापूरकरांना दुसरीची ओळख जास्त.

आपल्याकडे हा शब्द सरकारदरबारी अगदी अलीकडे आला. पाकिटांवरचा हिरवा ठिपका 2001 पासूनचा. पण हिरवा ठिपका दुधाला चालतो. म्हणून 2022 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम केले आणि इंग्रजी 'व्ही' अक्षराला पान फुटलेलं हिरवं चिन्ह ठरवलं. साखरेबद्दलही काही जण विचारतात. परदेशात काही ठिकाणी साखर शुभ्र करायला हाडांचा कोळसा वापरतात. आपल्या साखर कारखान्यांत ते काम चुना आणि गंधकाने होतं. तेव्हा आपल्या जिल्ह्याची साखर निःशंक घालावी, गूळ तर घालावाच.

आणि खरं सांगायचं तर आपल्या घरात हे पदार्थ आधीपासून आहेतच. गड्ड्याच्या दिवसांतला तिळगूळ, शेंगदाण्याची चिक्की, वरून तुपाची धार न घेतलेली शेंगापोळी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, यांतल्या कशातच अंडंही नाही आणि दूधही नाही. त्यांना कुणी इंग्रजी नाव दिलं नाही इतकंच.

दुष्काळाच्या मुलखात फळं कुठून आली?

मफिनमधला खरा सोलापुरी इतिहास फळांचा आहे. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनवरची लाल मिलो भाजून भाकरी केली, ती माणसं आपल्या सोसायटीतल्या काही घरांत आजही आहेत. तेव्हा या जिल्ह्यात फळ म्हणजे आजाऱ्यासाठी आणलेली मोसंबी. रोजच्या पिठात पिकलेली केळी कुस्करणं ही चैन कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

हे बदललं ते तीन-चार गोष्टींनी. 1980 च्या सुमारास भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं. त्याच दुष्काळातून जन्मलेल्या रोजगार हमी योजनेला राज्याने 1990 मध्ये फळबाग लागवड जोडली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात झाड लावायला मजुरी मिळू लागली. डाळिंब, बोर, सीताफळ, आंबा अशी कमी पाण्याची झाडं माळरानावर उभी राहिली. ज्या योजनेने आधी खडी फोडायला लावली, तिनेच पुढे डाळिंब लावलं. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडे गेलात तर या वाक्याचा अर्थ डोळ्यांनी दिसतो.

शेतकऱ्यांची बुद्धी तर त्याहून मोठी. आपल्या शेजारच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी द्राक्षाच्या बागेत वेगळा दिसलेला लांबट मण्यांचा वेल ओळखला आणि त्यातून 'सोनाका' ही बिनबियांची जात दिली. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी 'एनएमके-1 गोल्डन' हे भरपूर गराचं सीताफळ तयार केलं. 2005 मध्ये केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आलं आणि त्या केंद्राने पुढे 'सोलापूर लाल' ही लोह-जस्ताने समृद्ध जात काढली. 2016 मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. उजनीच्या पाण्यावर करमाळा तालुक्यातल्या कंदरच्या बाजूला केळी इतकी वाढली की आज ती परदेशी जाते.

केळी, मनुका, डाळिंब, सीताफळ. मफिनच्या वाटीत घालायचं सगळं आपल्या जिल्ह्यात पिकतं. तेलही आपलंच घालता येतं, कारण करडई हे आपल्या रब्बी ज्वारीच्या शेजारचं पीक आणि तिच्यावरचं संशोधन सोलापुरात बरीच वर्षं झालं आहे. आपल्या गावात फळाला मराठीत फळ, कानडीत हण्णू आणि तेलुगूत पंडू म्हणतात. तिन्ही नावांनी हाक मारली तरी वाटी एकच.

प्रत्यक्ष कृती

नुसता इतिहास वाचून पोट भरत नाही, म्हणून कृती देतो. दहा-बारा मफिन होतात.

आदल्या रात्री अर्धी वाटी कच्चे शेंगदाणे भिजत घाला. सकाळी सालं काढून दोन वाट्या पाण्यात बारीक वाटा आणि पंचातून गाळा. हे शेंगदाण्याचं दूध. चोथा फेकू नका, चटणीत किंवा धपाट्याच्या पिठात जातो. घरी कुणाला शेंगदाणा चालत नसेल तर नारळाचं दूध घ्या, तेही नसेल तर साधं पाणी.

पूर्ण पिकलेली, सालीवर काळे ठिपके पडलेली तीन केळी कुस्करा. त्यात पाऊण वाटी बारीक चिरलेला गूळ किंवा साखर, पाव वाटीहून थोडं जास्त तेल, अर्धी वाटी शेंगदाण्याचं दूध आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळा. दुसऱ्या पातेल्यात दीड वाटी कणीक किंवा अर्धी कणीक-अर्धा मैदा, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलचीपूड एकत्र चाळा. अर्धी वाटी मनुका या पिठात घोळवून ठेवा, म्हणजे तळाशी बसत नाहीत.

आता ओलं कोरड्यात ओता आणि जेमतेम एकत्र होईल इतकंच हलवा. इथेच बहुतेकांचा हात चुकतो. आपल्याला कणीक मळायची सवय, पण इथे मळलं की गव्हाचा चिकटपणा वाढतो आणि मफिन चिवट होतो. थोड्या गुठळ्या राहू द्या. आणि मिश्रण झाकून ठेवू नका. लिंबू आणि सोडा भेटले की बुडबुडे लगेच सुटू लागतात, वाट पाहिली तर ते भांड्यातच संपतात. कागदी वाट्या पाऊण भरा आणि आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं भाजा. कुकरमध्ये करायचं तर मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं. सुरीचं टोक कोरडं निघालं की झालं. पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या आपल्या गावात कागदी वाटीचा आणखी एक फायदा, घासायला भांडं कमी.

दोन सूचना. डाळिंब घालायचं असेल तर सोडा वगळून फक्त बेकिंग पावडर घाला. डाळिंबाचा लाल रंग आम्लात लाल राहतो, क्षारात निळसर-करडा पडतो आणि मग पोरं हात लावत नाहीत. आणि ज्वारीच्या पिठाचा हौसेने प्रयोग करायचा तर एक तृतीयांशाच्या वर घालू नका. मालदांडीची भाकरी कितीही गोड असली तरी ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, मफिन हातातच फुटेल.

सोसायटीचा आणि या वाटीचा संबंध

2020 च्या टाळेबंदीत सगळ्या देशाने घरी केक केले. सोलापुरात त्याला एक वेगळा अर्थ होता. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून इथे जी गिरणगावं उभी राहिली, ती विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक बंद पडली. घर चालवण्याचं ओझं मग बायकांच्या घरबसल्या कामावर आलं. विड्या वळणं, शिलाई, कडक भाकरी, चटणी, पापड. विडी कामगार बायकांनी तर कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. सहकाराचा इतका मोठा धडा आपल्याच गावात आहे. आज ओव्हनसमोर उभी राहणारी, ऑर्डरी घेणारी मुलगी त्याच परंपरेतली आहे. तिने विकायला सुरुवात केली तर अन्न सुरक्षा नोंदणी करावी, पदार्थात काय आहे ते पाकिटावर स्पष्ट लिहावं. आणि आपण शेजाऱ्यांनी 'फुकट दोन दे' म्हणू नये. हातच्या कामाची किंमत देणं हाही सहकारच आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलेल्या घरांत देव वेगळे, भाषा वेगळ्या, उपवासाचे वार वेगळे. कुणाकडे अंडं चालत नाही, कुणाला दूध पचत नाही, कुणाच्या नातवाला दुधाची ॲलर्जी आहे, कुणाला तूप वर्ज्य केलंय डॉक्टरांनी. वाढदिवसाला केक कापला की काही मुलं ताटली हातात धरून आईकडे बघत उभी राहायची. 'काकू, ह्यात अंडं नाही ना?' असं विचारताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मुलाला असं विचारायला लागणं आणि उत्तर ऐकून ताटली खाली ठेवायला लागणं, ही लहान गोष्ट नाही. ज्या प्रश्नावरून पुण्यात ग्रामण्य झालं, तोच प्रश्न एक मूल आपल्या जिन्यात विचारत असतं.

बिनअंड्याच्या, बिनदुधाच्या मफिनने धर्म बदलला नाही आणि कुणाचं व्रतही मोडलं नाही. त्याने एवढंच केलं की तो प्रश्न विचारायची गरज कमी केली. कुणाला दयेपोटी आवडतो, कुणाला पथ्य म्हणून, कुणाला स्वस्त पडतो म्हणून. कारण ज्याचं त्याचं, वाटी सगळ्यांची. सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांत असे सगळ्यांना चालणारे पदार्थ आणखी निघोत, आणि ते करणाऱ्या हातांना यश येवो. रौप्यमहोत्सवानिमित्त सर्व सभासद बंधू-भगिनींना मनापासून शुभेच्छा!